पाऊण तासाचा उजेड

"दुधाचा विषय काढायचा नाही," वहिनींनी टॅक्सीत बसल्यापासून तिसऱ्यांदा बजावलं. "उद्या पोरीचं निरोपाचं व्याख्यान आहे. आज सुखानं जेवायचं, तोंडभर कौतुक करायचं आणि घरी यायचं. कळलं का, वन्सं?"

"मी कुठं काय म्हटलं?" आत्या म्हणाल्या.

"म्हटलं नाही. पण तुमचा चेहरा कालपासून बोलायला लागलाय. मला काय तो आज कळायला लागलाय?"

वहिनींचं काही चुकत नव्हतं. घरात काही मोठं घडलं, की आत्यांना कबुलीची उबळ यायची. चिमणीला डॉक्टरेट मिळाली तेव्हा आली, तिला पहिलं पारितोषिक मिळालं तेव्हा आली, पेपरात फोटो छापून आला तेव्हा तर आत्या चपला घालून दारापर्यंत पोचल्या होत्या. दर वेळी वहिनींनीच त्यांना आवरलं होतं. चौतीस वर्षं दोघी नणंद-भावजयांनी मिळून एक कप दूध दडवलं होतं, आणि एक कप दूध दडवायला किती मेहनत पडते हे त्या दोघींनाच ठाऊक.

चिमणी म्हणजे वहिनींची थोरली. वय वर्षं साठ, मोठ्या संस्थेत प्रोफेसर, हाताखाली बारा-पंधरा माणसं. पण घरात ती चिमणीच. लहानपणापासून तिचा आवाज एवढासा, कारण त्या घरात कोणी मोठ्यानं बोलतच नसे. आत्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर, आणि ड्यूटी कायम रात्रीची. सकाळी आठला यायच्या, मधल्या खोलीत चादर ओढून पडायच्या, ते संध्याकाळपर्यंत. पोरांनी दबक्या पावलांनी चालायचं, भांडं पडलं तर जीभ चावायची, भांडण झालं तर ते खुणांनी करायचं. सहा वर्षांची चिमणी एकदा आत्यांच्या उशाशी येऊन कुजबुजली होती, "आत्या, सगळं जग झोपतं तेव्हा तुझ्या पोटाला कळतं का गं, की रात्र झालीये?" आत्यांना तेव्हा हसू आलं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात पोरगी अख्खा जन्म घालवणार आहे, हे कोणाला ठाऊक होतं!

टॅक्सी थांबली. लिफ्टनं चौथा मजला. दार जावयांनी उघडलं, कमरेला स्वयंपाकाचा ॲप्रन.

"या, या! वेळेत आलात, वाचलात. जेवण साडेबाराला. मिनिटभर इकडंतिकडं झालं तर प्रोफेसरबाई मार्क कापतात."

"या घरात भूक लागून उपयोग नसतो," आतून वकिलाचा आवाज आला. "वेळ व्हावी लागते."

वकील म्हणजे चिमणीचा धाकटा भाऊ. तोंडाचा पट्टा कोर्टात जेवढा चालतो, त्याहून घरात जास्त. आत्यांनी त्याच्या डोक्यात टपली मारली आणि खुर्ची ओढून बसल्या.

*

जेवण छान झालं. जावई रिटायर झाल्यापासून स्वयंपाक शिकले होते आणि दर पदार्थामागे दाद मागत होते. वकिलानं बहिणीच्या तीस-पस्तीस वर्षांच्या कामाची जाहीर उलटतपासणी सुरू केली.

"आत्या सोडली, तर पहिली आठ वर्षं उंदीर," तो म्हणाला. "माझ्या लग्नातून ही बाई तासभर आधी निघाली. का? तर उंदरांच्या खोलीतला दिवा बंद करायची वेळ झाली."

"अरे, मग! वेळ चुकली असती तर सहा महिने पाण्यात गेले असते," चिमणी हसत म्हणाली. "आणि एवढं करून उंदरांनी मला फसवलंच की. मेलाटोनिन त्यांच्याही अंगात रात्रीच वाढतं, पण उंदीर रात्री जागतो, खातो, धावतो. आपण झोपतो. त्यांचं आपल्याला सरळ लागू करता येईना. आठ वर्षांनी शहाणपण सुचलं, की बाई, माणसांकडं जा."

"आई, तुम्हांला कळतं का हो, ही काय बोलते ते?" जावयांनी वहिनींना विचारलं.

"न कळायला काय झालं?" वहिनी ताठ बसल्या. "मेंदूत तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते. अंधार पडला की ती रक्तात ते मेलाटोनिन नावाचं औषध सोडते. ते अंगभर सांगत सुटतं, रात्र झाली, आवरा. मग पोटातली यंत्रंही आवरतात. आवराआवर झाल्यावर जेवायला बसलं, की साखर रक्तात तशीच पडून राहते. म्हणून लवकर जेवायचं. झालं! हिला एवढं सांगायला चारशे पानं लागली."

सगळे हसले. चिमणी सगळ्यांत जास्त हसली. तिनं आईचा हात धरला आणि म्हणाली, "उद्या माझ्याऐवजी तूच बोल."

आत्याही हसल्या, पण त्यांचं लक्ष चिमणीच्या चेहऱ्याकडं होतं. केस पार पांढरे झाले होते. इस्पितळातल्या नर्सा, बसचे ड्रायव्हर, बेकरीतले कामगार, रात्री काम करणाऱ्या शेकडो माणसांच्या बोटांतून रक्ताचा थेंब घेत, त्यांच्या जेवणाच्या वेळा लिहून घेत ही पोरगी म्हातारी झाली होती. आणि त्या शेकडो माणसांत पहिला थेंब आत्यांचा होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी ऑफिसच्या डॉक्टरांनी आत्यांना सांगितलं होतं, साखर काठावर आलीये. चिमणीनं त्यांचं रात्री दोनचं कँटीनचं जेवण बंद केलं आणि ड्यूटीवर निघायच्या आधी, संध्याकाळी सहाला जेवायला लावलं. साखर उतरली. बघून बघून टेलिफोनच्या बोर्डवरच्या अकरा बायका तेच करू लागल्या. त्यांतली एक अजून दर वर्षी फोन करते आणि म्हणते, तुमच्या भाचीला माझा आशीर्वाद सांगा. आज एकोणऐंशीव्या वर्षी आत्या जिना चढत होत्या, दोन्ही डोळ्यांनी वाचत होत्या. हे ऋण त्यांना रोज जाणवायचं. म्हणूनच तर तो कप त्यांना जास्त टोचायचा.

"आता ऐका," चिमणी म्हणाली. तिनं लॅपटॉप टेबलावर आणला. "उद्याचं पहिलं चित्र. हे बघितल्याशिवाय कोणाला गोड मिळणार नाही."

आत्यांनी चष्मा चढवलाच नाही. चित्र त्यांना पाठ होतं. एक निळी रेघ, एक लाल रेघ. निळी मेलाटोनिनची, लाल साखरेची. आणि रात्री अकराला लाल रेघेवर सगळ्यांच्या वर जाऊन बसलेला एक ठिपका.

"चौतीस वर्षांपूर्वी," चिमणी म्हणाली, "संस्था मला खोली देईना. म्हणून घरातल्याच मधल्या खोलीच्या खिडक्यांना मी काळा कागद चिकटवला, मिणमिणता लाल दिवा लावला आणि आत्याला तीन रात्री आत बसवलं. दर अर्ध्या तासानं एका नळीत थुंकायचं, दर तासानं बोट टोचून साखर लिहायची. संध्याकाळी पाचनंतर पाण्याशिवाय काही नाही. कोण बसेल असं? सुट्टीच्या रात्री होत्या तिच्या! पण बसली. दुसऱ्या रात्री अकराला बघा, साखर एकदम वर. आणि त्याच सुमाराला निळी रेघ खाली. उपाशी माणसाची साखर अशी उसळते का? गाईड म्हणाले, यंत्राची चूक आहे, पुसून टाक हा ठिपका. मी म्हटलं, आत्याच्या हातची नोंद आहे, चुकायची नाही. मी तो पुसला नाही. वर्षभर भांडले त्यांच्याशी. त्या ठिपक्यापायीच मला सुचलं, की रात्री खाल्लं तर काय होतं ते बघू या. पुढचं सगळं तिथून निघालं. उद्या मी सगळ्यांत आधी आत्याचे आभार मानणार आहे."

वकिलानं टाळ्या वाजवल्या. वहिनींनी टेबलाखालून आत्यांच्या गुडघ्यावर हात दाबून धरला.

"पण तो ठिपका मात्र उलगडला नाही," चिमणी पुढं म्हणाली. "तो कुणाकडंच पुन्हा दिसला नाही. मेलाटोनिन एकदम पडलं म्हणून यकृतानं साखर सोडली असेल, असा माझा अंदाज होता, पण सिद्ध होईना. तेव्हा ते तसंच राहून गेलं. आता मात्र सोडायचं नाही. संस्था मला रिटायर झाल्यावर दोन वर्षं आणखी देतेय. या एका ठिपक्यासाठी. अर्ज आज पाच वाजेपर्यंत पाठवायचा आहे."

जावयांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. डोंगराच्या कडेला त्यांनी दोन खोल्यांचं घर घेऊन ठेवलं होतं. चिमणी मोकळी झाली, की तिथं राहायला जायचं ठरलं होतं. हे ठरणं याआधी तीनदा पुढं गेलं होतं.

"दोन वर्षं?" ते एवढंच म्हणाले.

"दोनच," चिमणी म्हणाली. तिला त्यांच्या चेहऱ्याकडं बघवलं नाही. "मला चैन पडत नाही हो त्याच्याशिवाय. आणि आत्या, मला तू हवी आहेस. एकच रात्र. आता आमच्याकडं छान गादी आहे, नर्स आहे. इथं फक्त सही कर."

तिनं कागद पुढं केला. आत्यांनी चष्मा चढवला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की यापूर्वीच्या अभ्यासात मी सर्व सूचना काटेकोर पाळल्या होत्या आणि ठरवून दिलेल्या वेळेत काहीही खाल्लं-प्यायलं नव्हतं.

आत्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग चष्मा काढला. "जरा पाणी पिऊन येते," त्या म्हणाल्या, भरलेला ग्लास समोर असताना.

*

स्वयंपाकघरात वहिनी त्यांच्या पाठोपाठ आल्या आणि दार लोटून घेतलं.

"सही करून मोकळ्या व्हा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"खोटं लिहिलंय तिथं."

"मग करू नका. म्हणा, तब्येत बरी नाही. माझं वय झालं. काहीही सांगा."

"आणि ती दुसरं कोणी शोधेल. दोन वर्षं त्या ठिपक्यामागं धावेल, वहिनी. तिथं काही नाहीये. एक कप दूध आहे, दोन चमचे साखर घातलेलं, आणि चार बिस्किटं. साठ वर्षांची झालीये पोरगी. दोन वर्षं म्हणजे काय थोडी आहेत?"

"मला कळत नाही का?" वहिनींचे डोळे भरून आले. त्या सहसा रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. "पण कोणत्या तोंडानं सांगू? मी तिची आई आहे. सगळ्या जगानं मदत केली असेल तिला, आणि आई काय करते, तर पोरीचा पहिलाच प्रयोग नासवते! उद्या ती लोकांसमोर उभी राहील आणि तिच्या डोक्यात हेच असेल. मला ते बघवणार नाही, वन्सं."

"दूध तुम्ही दिलंत. प्यायले मी. आणि तेव्हा मी नको म्हटलं असतं, तर काय झालं असतं?"

त्याचं उत्तर दोघींना माहीत होतं.

त्या वेळी चार वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण एकच वाक्य. एका दुपारी वहिनींनी नवऱ्याला म्हटलं होतं, "तुमची बहीण या घरात नुसती झोपायला येते. तिच्या झोपेपायी माझी पोरं घरात चोरासारखी वावरतात." आत्या मधल्या खोलीत जाग्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि दोघींमधलं बोलणंच बंद पडलं. मग निरोप पोरांमार्फत. "आत्याला सांग, चहा ठेवलाय." "आईला सांग, नको म्हणावं." दोघी तीन फुटांवर उभ्या असायच्या आणि चिमणी मध्ये उभी राहून निरोप इकडून तिकडं करायची. टेलिफोन ऑफिस घरातच आहे, असं दादा, म्हणजे चिमणीचे वडील, म्हणायचे. दोघींची मनं कधीच नरमली होती, पण पहिलं तोंड उघडायचं कोणी?

दार ढकलून वकील आत आला. "काय खलबतं चाललीयेत? कसलं दूध?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग आत्यांनी चार वाक्यांत सांगून टाकलं. वकिलाचं तोंड उघडं राहिलं. आत्यांनी उभ्या जन्मात त्याला असं गप्प झालेलं पाहिलं नव्हतं.

"चौतीस वर्षं?" तो शेवटी म्हणाला. "कमाल आहे तुमची! अहो, माझे अशील चौतीस मिनिटं काही पोटात ठेवत नाहीत. ऐका. आई म्हणते तेच बरोबर. कबुली बिबुली काही द्यायची नाही. आत्या, तुला चक्कर येतेय. मी सांगतो बाहेर."

"शाब्बास," वहिनी म्हणाल्या. "निदान एक पोरगं तरी माझ्या बाजूचं आहे."

"मला चक्कर येत नाहीये," आत्या म्हणाल्या.

"येईल. मी तेवढ्यासाठीच आलोय."

तेवढ्यात मागून ताटं ठेवल्याचा आवाज झाला. जावई कधी आत आले होते, कोणाला कळलं नव्हतं. त्यांनी ताटांवर नळ सोडला आणि पाठमोरेच म्हणाले, "मी यात बोलू नये. माझा स्वार्थ आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण एक सांगतो, आई. तीस वर्षांत मी तिच्यापासून बरंच काही लपवताना पकडला गेलोय, आणि दर वेळी तिनं मला माफ केलंय. चुकीच्या आकड्याला मात्र ती माफ करत नाही. तो चुकीचा आहे हे आपल्याला माहीत असून आपण तिला सांगितलं नाही, हे तिला जास्त लागेल."

वकिलानं मान खाजवली. "हं," तो म्हणाला. "हा मुद्दा वाजवी आहे." आणि निलाजऱ्यासारखा बाजू बदलून आत्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तुझी बाजू किती वेळ टिकते रे?" वहिनी म्हणाल्या. पण आवाजात जोर राहिला नव्हता. त्यांनी पदरानं डोळे पुसले. "चला मग. पण वन्सं, दूध मी दिलं हे मीच सांगणार. तुमच्यावर ढकललं असं व्हायला नको."

*

आत्या बसल्याही नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "चिमे, मला सही करता येत नाही. त्या रात्री मी दूध प्यायले होते. साखर घालून. आणि बिस्किटं खाल्ली."

चिमणी आधी हसली. तिला वाटलं, वकिलानं काहीतरी शिकवून पाठवलंय. मग तिनं आईकडं पाहिलं आणि हसणं थांबलं.

"मी दिलं," वहिनी म्हणाल्या. "यांनी मागितलं नव्हतं."

"मी प्यायले. कोणी तोंडात ओतलं नव्हतं."

"तुम्ही थांबा हो, मी सांगतेय ना!"

"दोघी थांबा," चिमणी म्हणाली. आवाज एवढासाच होता, पण दोघी थांबल्या. "माझ्या मागं? मी कुठं होते?"

"तू आधीच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून संस्थेच्या फ्रीझरमध्ये ठेवायला गेली होतीस. दीड तास."

चिमणी उठून खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलची चेन बसवत होता, ती त्याच्याकडंच बघत राहिली. आत्यांना वाटलं, झालं. गेली आपली चिमणी.

"एक वर्ष, आत्या," ती पाठमोरीच म्हणाली. "एक वर्ष मी गाईडशी भांडले. परदेशी जायची संधी आली होती, तिथं दुसराच विषय होता म्हणून गेले नाही. सगळे म्हणाले, यंत्राची चूक. मी म्हटलं, माझी आत्या चुकायची नाही."

"मला माहीत आहे गं," आत्या म्हणाल्या. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "आकडा मी खरा लिहिला. कारण लिहिलं नाही. तू एवढ्या भरवशानं बोलायला लागलीस, की रोज वाटायचं उद्या सांगू. मग तो उद्या लांबत गेला. मला जे काही मिळालंय ते तूच दिलंयस, पोरी, हे डोळे, हे पाय. आणि मी तुला फसवलं. शिव्या दे, पण ती दोन वर्षं घालवू नकोस."

चिमणी वळली. नाक लाल झालं होतं. तिनं टेबलावरून पेन घेतलं, सहीचा कागद उलटा केला आणि खुर्ची ओढली. वकिलानं जावयांना कोपरानं ढोसलं.

"दूध किती?"

"एक कप. निळ्या फुलांचा होता तो."

"साखर?"

"दोन चमचे," वहिनी म्हणाल्या. "भरून."

"किती वाजता?"

"दहाचे टोले नुकतेच पडले होते. नंतर चूळ भरून मगच पुढची नळी भरली हो मी. तेवढा नियम पाळला."

"उपकार झाले," चिमणी म्हणाली, आणि लिहिता लिहिता तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. तिनं आकडेमोड केली. लॅपटॉपवरच्या ठिपक्याकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं पाहिलं. "बरोबर जुळतंय. रात्री खाल्लेल्याची साखर अशीच चढते. मी नऊ वर्षांनी नर्सांवर हेच मोजलं. अगं, उत्तर पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात होतं, आणि मी त्याला कोडं म्हणत बसले!"

"म्हणजे सुटलं?" जावयांनी विचारलं.

"लाल रेघ सुटली. निळी नाही." ती पुढं वाकली. "दूध प्यायल्यानं मेलाटोनिन पडत नाही. त्याला उजेड लागतो. दार उघडून कप आत दिला एवढ्यानंही पडायचं नाही. दार किती वेळ उघडं होतं?"

आत्यांनी वहिनींकडं पाहिलं.

"आई? पॅसेजमधली ट्यूबलाइट दाराच्या अगदी समोर होती. किती वेळ?"

"पाऊण तास असेल," वहिनी हळूच म्हणाल्या.

"पाऊण तास! अगं, एक कप दूध द्यायला पाऊण तास? काय करत होतात तुम्ही दोघी?"

"बोलत होतो," आत्या म्हणाल्या.

चिमणीनं पेन खाली ठेवलं. चार वर्षं मध्ये उभी राहून निरोप देणारी तीच होती. मग एका सकाळी ती उठली तेव्हा आई आणि आत्या ओट्याशी उभ्या राहून एकाच वेळी बडबडत होत्या, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. कसं काय, ते कोणी सांगितलं नाही, आणि पुन्हा सगळं बिनसेल या भीतीनं पोरांनी विचारलंही नाही.

"तीच ती रात्र होती?" तिनं विचारलं. "आधी कोण बोललं?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "तू नळ्या घेऊन गेलीस. मी ओट्याशी उभी होते. मनात आलं, आपण सगळे जेवलो आणि ही बाई आपल्या पोरीसाठी अंधारात उपाशी बसलीये. माझ्याच पोरीसाठी! आणि मी हिला काय बोलले होते! दूध तापवलं, दार उघडलं. म्हटलं, वन्सं, एवढं घ्या. नको म्हणाल्या असत्या, तर पुन्हा त्या दाराशी जायची माझी हिंमत झाली नसती."

"मला कळत होतं, नियम मोडतोय ते," आत्या म्हणाल्या. "पण चिमे, रात्र मला तुला पुन्हा देता आली असती. तो कप परत केला असता, तर ह्या पुन्हा आल्या नसत्या. मग मी प्यायले. आणि मग ह्या दारातच बसल्या जमिनीवर, आणि आम्ही बोलतच सुटलो. उजेडाचं भानच राहिलं नाही."

वकील खाली बघत टेबलावरचे नसलेले कण गोळा करत होता. तोही त्या निरोपांत धावला होता.

चिमणीनं लॅपटॉप जवळ ओढला आणि निळ्या रेघेच्या उतारावर बोट ठेवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती.

"चौतीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, की इथं काहीतरी मोठं घडलंय," ती म्हणाली. "हसायचे मला."

"आणि निघालं काय, दूध-साखर," वकील म्हणाला.

"गप रे. तुला काही कळत नाही." तिनं सहीचा कागद घडी करून जावयांच्या हातात दिला. "हा राहू दे. अर्ज जात नाही. पुढच्या महिन्यात सामान हलवायचं." जावयांनी कागद घेतला आणि तो कुठं ठेवायचा ते न सुचून ॲप्रनच्या खिशात कोंबला.

मग ती उठून आत्यांच्या खुर्चीशी गेली. आत्या केव्हा खुर्चीत बसल्या होत्या, त्यांचं त्यांनाही आठवत नव्हतं. साठ वर्षांची प्रोफेसर जमिनीवर बसली आणि तिनं आत्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. आत्यांनी त्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला.

"चुकले गं," एवढंच त्या म्हणाल्या.

"नाही," चिमणी कुजबुजली. "बरं झालं प्यायलीस."